बिडाचा तवा आणि साबण

शेतीच्या मासिकांत स्वयंपाकघरांतील तव्याविषयीं लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. परंतु शेतकऱ्याचा संसार शेताच्या धुऱ्यावर संपत नाहीं. ज्वारी ज्या वखरानें व तिफणीनें पिकते तीं जशीं आपलीं अवजारें, तसेंच ज्या लोखंडावर तिची भाकर भाजली जाते तें लोखंडहि आपलें अवजारच होय. तें तीन पिढ्या टिकतें कीं तीन वर्षांत भंगारवाल्याच्या काट्यावर चढतें, हा घरच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. शिवाय पुलगांव व आसपासच्या खेड्यांत या तव्याच्या धुण्यावरून सासूसुनांत जो वाद चालतो, तो मिटला तर पाहिजेच आहे.

वाद असा: बिडाच्या तव्यास अगर कढईस साबण लावला तर तीं बिघडतात काय? वडील माणसें म्हणतात, साबण कदापि लावूं नये. लावल्यास तव्याचें पाणी जातें, भाकर चिकटते व गंज चढतो. सुना म्हणतात, साबण न लावावा तर कढईस खवट वास येतो, बोट लावलें तर चिकट लागतें, आणि असल्या भांड्यांत मुलांना कसें जेवूं घालावें? माझें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. तेथें एक गोष्ट अंगवळणीं पडली ती ही, कीं वादांत आधीं दोन्ही पक्षांचें म्हणणें लिहून घ्यावें, मग वस्तुस्थिति पाहावी, आणि मग मत द्यावें. त्या रीतीनेंच येथें चालतों.

माझें मत आरंभींच सांगतों. भांडीं घासण्याचा जो पातळ, सौम्य साबण हल्लीं बाजारांत मिळतो, त्यानें मुरलेला तवा बिघडत नाहीं. तव्यास बिघडविणाऱ्या गोष्टी तीन: अंगावर राहिलेलें पाणी, तीव्र क्षार, आणि कठीण घासणी. या तिघांचा दोष आपण साबणाच्या माथीं मारीत आलों आहों.

प्रथम बीड म्हणजे काय तें पाहूं. लोखंड वितळवून साच्यांत ओतलें म्हणजे जें भांडें निघतें तें बिडाचें. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा २ ते ४ असतें, म्हणून तें कठीण पण ठिसूळ असतें. फरशीवर पडलें तर पोंचत नाहीं, फुटतें. वाळूच्या साच्यांत अशीं भांडीं ओतण्याच्या रीतीचें एकस्व इंग्लंडांत अब्राहम डार्बी यानें १७०७ सालीं घेतलें; चीनमध्यें मात्र ओतीव लोखंड त्याच्याहि कित्येक शतकें आधींपासून होतें. आपल्या भागांत कोल्हापूर व बेळगांव येथें ओतकामाचे कारखाने आहेत. लोहार अगर घिसाडी ठोकून देतो तो पत्र्याचा तवा निराळा. त्यांत कर्ब फार थोडा, म्हणून तो वांकतो, पण फुटत नाहीं. साबणाच्या प्रश्नापुरतें मात्र दोहोंचें उत्तर एकच आहे, कारण गंज दोघांसहि चढतो आणि तेलाचा लेप दोघांवरहि बसतो.

आतां हा लेप म्हणजे काय? नवा बिडाचा तवा करड्या रंगाचा व खरखरीत असतो. त्यावर धिरडें घातलें तर सोडवितां सोडवत नाहीं. तोच तवा कांहीं महिन्यांच्या वापरानंतर काळाभोर व गुळगुळीत होतो आणि धिरडें उलथन्याच्या एका धक्क्यासरशीं सुटतें. तवा मुरला असें आपण म्हणतों. मुरणें म्हणजे लोखंडाच्या पोटांत तेल शिरून बसणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि साबणाची भीति याच समजुतींतून निघाली आहे. कारण साबणानें तेल निघतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो काळा थर तेल राहिलेलाच नसतो. तेलाचा पातळ हात लोखंडावर बसून धूर निघेपर्यंत तापला, आणि हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग झाला, म्हणजे तेलाचे सूक्ष्म कण सांखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंततात व त्यांचा टणक, न विरघळणारा पापुद्रा तयार होतो.

हें आपल्यास पटण्यास दूर जावयास नको. जवसाचें पीक विदर्भास नवें नाहीं. ताजें जवसाचें तेल लांकडावर सांडलें तर साबणाच्या फडक्यानें पुसून निघतें. तेंच तेल दारास लावून आठपंधरा दिवस वाळूं दिलें म्हणजे त्याचा पापुद्रा धरतो, आणि मग साबणाचें पाणी कितीहि फिरविलें तरी दार पुन्हां कोरें होत नाहीं. रंगांत जवसाचें तेल घालतात तें याच गुणासाठीं. दाराच्या बाबतींत जें काम हवा आठपंधरा दिवसांत करते तेंच काम तव्याच्या बाबतींत विस्तव थोडक्या वेळांत करतो. साबण मोकळें तेल नेतो. बनून गेलेला पापुद्रा नेत नाहीं.

मग वडील माणसें खोटें सांगतात काय? मुळींच नाहीं. त्यांनीं ज्या साबणाविषयीं ऐकलें व पाहिलें, त्या साबणास तो नियम योग्यच होता. पूर्वींचा साबण तेल अगर चरबी दाहक सोड्यांत, म्हणजे कॉस्टिक सोड्यांत, शिजवून करीत. घरगुती साबणांत तर हा सोडा हिशेबापेक्षां जास्त उरण्याचा संभव फार, आणि असा साबण हातास लागला तर हात चरचरत. दाहक सोड्याचा गुणच असा, कीं तो तेलाच्या पापुद्र्यांतील जोड तोडतो. जुन्या भांड्यावरील लेप मुद्दाम काढावयाचा असल्यास आजहि त्याचाच उपयोग करतात. तेव्हां तसल्या साबणानें तवा कोरा पडे, हें खरें. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मनींत चरबीची टंचाई पडली, आणि तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं चरबीवांचून मळ काढणारीं द्रव्यें शोधून काढलीं. आजचा भांड्यांचा पातळ साबण त्याच कुळांतला असून तो बहुतेक ना आम्ल ना क्षार असा असतो. जुन्या साबणापेक्षां त्याचें नातें रिठ्याच्या फेसाशीं जवळचें आहे. आणि रिठ्यानें रेशमी वस्त्र व सोन्याचे दागिने धुण्यास कोणत्या आजीबाईनें कधीं भीति बाळगली?

येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या घरांत साबणास बंदी, त्याच घरांत तवा राखेनें घासण्यास पूर्ण मोकळीक असे. पऱ्हाटीची असो वा लांकडाची, राखेंत पालाशयुक्त क्षार असतो. ओल्या राखेचें पाणी आजच्या पातळ साबणापेक्षां कितीतरी अधिक क्षारयुक्त असतें. म्हणजे क्षाराच्याच दृष्टीनें पाहिलें, तर राखेस परवानगी आणि सौम्य साबणास बंदी हा न्याय उलटा झाला.

यावर कोणी म्हणेल, राखेनें घासूनहि आमच्या घरचे तवे तीनतीन पिढ्या टिकले, त्याचें काय? त्याचें कारण राखेच्या गुणांत शोधण्यापेक्षां चुलीच्या शेजारांत शोधावें. राख बहुधा कोरडी अगर नुसती भिजेल इतकीच घेत. ती तेल व ओलावा दोन्ही शोषून घेई. मग तवा चुलीजवळच भिंतीस टेंकून उभा राही, आणि विझत्या निखाऱ्यांच्या उबेनें वाळे. शिवाय रोज दोन वेळां तो विस्तवावर चढे. थोडक्यांत, त्या तव्यास ओलें राहण्यास सवडच मिळत नसे.

आतां परिस्थिति पालटली आहे. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतील पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. चुलीच्या धुरापासून बायकांचे डोळे वांचले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु चुलीबरोबर राखहि गेली आणि निखाऱ्यांची ऊबहि गेली. तवा आतां इतर भांड्यांबरोबर मोरींत पडतो, त्यांच्याचबरोबर धुतला जातो, आणि तसाच निथळत टोपलींत पालथा घातला जातो. सकाळीं पाहावें तों त्यावर तांबूस डाग. रात्रीं सुनेनें साबण लावला होता हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. पाणी रात्रभर अंगावर राहिलें हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पाणी व प्राणवायु एकत्र मिळाल्यावांचून लोखंड गंजत नाहीं, आणि मीठ मिळालें तर तें अधिक लवकर गंजतें. कोणास शंका असल्यास त्यानें स्वतः पाहावें. घरांत दोन लोखंडी तवे असल्यास एक आठ दिवस नुसत्या पाण्यानें धुवून ओला ठेवावा, आणि दुसरा पातळ साबणानें धुवून लगेच विस्तवावर कोरडा करावा. कोणता तवा आधीं तांबडा पडतो तें पाहण्यास चष्मा लागणार नाहीं.

मात्र साबण हा एक शब्द झाला. वस्तु अनेक आहेत, आणि त्यांत भेद केला पाहिजे. भांडीं घासण्याच्या वडींत सोडा व दगडाची बारीक भुकटी बहुधा घातलेली असते. ती पितळेच्या व पोलादी भांड्यांस ठीक, पण तव्याचा लेप तीमुळें हळूहळू झिजतो. धुण्याचा सोडा गरम पाण्यांत घालून त्यांत कढई भिजत टाकणें म्हणजे तर लेप उतरविण्याचाच उपाय होय. तारेची घासणी लेप खरडून काढते, मग साबण असो वा नसो. चिंच व लिंबू यांनीं तांबें-पितळ उजळतें, पण त्यांचें आम्ल लोखंडास खातें. सुना साबण लावतात असें जें गाऱ्हाणें ऐकूं येतें, त्यांत पुष्कळदां हातांत वडी व तार असते. तेथें सासूबाईंची तक्रार खरी असते. फक्त तिनें आरोपीचें नांव चुकविलेलें असतें.

उलट, साबण मुळींच न लावण्यानेंहि नुकसान होतें, तें कोणी मोजीत नाहीं. तळणाचें तेल कढईच्या कडेस राहून जातें. तें न पुरतें तापतें, न पुरतें निघतें. दोन चार दिवसांत खवट होऊन चिकट बसतें. त्यावर धूळ धरते, झुरळें येतात, आणि पुढील भाजीस जुना वास लागतो. तवा तापला म्हणजे जंतु मरतात हें खरें, पण खवट झालेलें तेल तापवून ताजें होत नाहीं. मग घरची बाई कंटाळते. रोज धुणारी ती, आणि धुण्याचा नियम सांगणारे दुसरेच! शेवटीं ती बिडाचा तवा माळ्यावर टाकते व लेपाचा नवा हलका तवा विकत आणते. त्याचा लेप दोन वर्षांत निघाला म्हणजे दुरुस्ती नाहीं. पुन्हां नवा तवा. बिडाच्या तव्याचा लेप मात्र घरच्या चमचाभर तेलानें कितीहि वेळां पुन्हां बसवितां येतो. म्हणजे तवा राखण्यासाठीं जो नियम केला, त्याच नियमापायीं तवा घराबाहेर जातो. मला या विषयावर लिहावेंसें वाटलें तें यामुळेंच.

लोखंडाविषयीं भ्रम बाळगण्यांत आपण शेतकरी कांहीं नवे नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें जमीन विषारी होईल या भीतीनें शेतकरी तो घेण्यास धजेनात. पहिला नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि पुढें तेच नांगर महाराष्ट्रभर चालले. जमीन विषारी झाली नाहीं. त्या भीतीमागें वाईट हेतु कोणाचाहि नव्हता. पारखून पाहण्याचा कंटाळा मात्र होता.

आतां तवा प्रत्यक्ष कसा राखावा तें सांगतों.

(१) नवा तवा आणल्यावर तो प्रथम गरम पाणी व साबण यांनीं खळखळून धुवावा. कारखान्यांतून येतांना गंजूं नये म्हणून त्यास तेल फांसलेलें असतें. तें पोटांत जाऊं नये. मग विस्तवावर पूर्ण कोरडा करून जवसाच्या, करडीच्या अगर भुईमुगाच्या तेलाचा हात फडक्यानें द्यावा, व तें तेल जणूं पुसूनच टाकावयाचें आहे इतकें पातळ करावें. जाड थर चिकट राहतो व पुढें त्याचे पोपडे निघतात. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा व आपोआप थंड होऊं द्यावा. असें चार पांच वेळां करावें. अर्धा कांदा अगर वांग्याचें देठ तेलांत बुडवून तव्यावर फिरविण्याची जुनी रीतहि उत्तमच आहे.

(२) रोजच्या वापरानंतर तवा कोमट असतांनाच फडक्यानें पुसून गरम पाण्यानें धुवावा. कांहीं चिकटलें असल्यास लांकडी उलथन्यानें अगर चिमूटभर जाड्या मिठानें घासावें, व मीठ पुरतें धुवून टाकावें. तेलकटपणा असल्यास नारळाच्या काथ्यावर पातळ साबणाचे दोन थेंब घ्यावे. भाकर भाजलेल्या तव्यास साबणाची गरज बहुधा पडत नाहीं. तळणाच्या कढईस पडते.

(३) लाल तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतूं नये, बीड तडकतें. मोरींत भिजत टाकूं नये.

(४) धुतल्यावर पुसून दोन मिनिटें विस्तवावर ठेवावा व तेलाचा थेंब चोळून ठेवावा. या एका नियमाकडे दुर्लक्ष झालें तर बाकीचे सर्व पाळूनहि उपयोग नाहीं. पावसाळ्यांत तर विशेषच.

(५) कढी, चिंचेचें वरण, टमाट्याची भाजी असले आंबट पदार्थ बिडाच्या भांड्यांत केले तरी ठेवून देऊं नयेत. लेप सुटतो व पदार्थ काळा पडतो.

आणि इतकेंहि करून तवा बिघडलाच, तर तो गेला असें समजूं नये. गंज काथ्यानें व मिठानें घासून काढावा, तवा धुवून कोरडा करावा, व पहिल्या कलमाप्रमाणें पुन्हां लेप द्यावा. भंगारवाल्याच्या हातीं देण्याजोगा एकच बिडाचा तवा असतो, आणि तो म्हणजे तडा गेलेला.

हा तवा घरांत राहावा असें मला वाटतें, त्याचें आणखीहि एक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पांचव्या फेरींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत कमतरता आढळली. या कमतरतेचीं कारणें अनेक, पण लोहाची उणीव हें त्यांतील मोठें. लोखंडी भांड्यांत, विशेषतः किंचित् आंबट व रसदार पदार्थ शिजविला, तर कांहीं लोह अन्नांत उतरतें. इथिओपियांत मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत लोखंडी भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांचें रक्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षां वर्षभरांत अधिक सुधारलें. आंबट पदार्थ ठेवून देऊं नये असें वर म्हटलें आहे, त्याचा याच्याशीं विरोध नाहीं. शिजवावा व लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावा. तवा म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडून तव्यावर भरंवसा ठेवूं नये. आपल्या विदर्भांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि ज्यांना वरचेवर रक्त चढवावें लागतें त्यांच्या शरीरांत लोह आधींच जास्त सांचलेलें असूं शकतें. त्यांनीं वैद्यांस विचारूनच काय तें करावें. परंतु सामान्य घरांत जें थोडें लोह फुकट मिळतें, तें खवट वासाच्या कंटाळ्यापायीं घालविणें शहाणपणाचें नाहीं.

जें तव्याचें तेंच शेतांतल्या लोखंडाचें. नांगराचा फाळ, वखराची पास, विळा, खुरपें, पेरणीचें यंत्र, हीं धुतल्यानें बिघडतात या समजुतीनें कित्येक शेतकरी तीं मातीसकट गोठ्यांत टाकतात. मातींत ओलावा राहतो. रासायनिक खताचे कण यंत्राच्या सांध्यांत राहतात व हवेंतलें पाणी ओढून घेतात. पुढल्या हंगामांत यंत्र काढावें तों सांधे जाम झालेले. अवजार धुण्यास भिऊं नये, ओलें ठेवण्यास भ्यावें; धुवून, उन्हांत वाळवून, तेलाचें फडकें फिरवून ठेवावें. घरीं तव्याची काळजी घेण्याची जी रीत ती गोठ्यांतहि लागू आहे, व दोन्हीकडे तेलाची वाटी एकच पुरते.

महसुली कामांत जुन्या नोंदीस मोठा मान असतो, आणि तो असावाच. पण जमीन एकाची दुसऱ्याकडे गेली, फेरफार मंजूर झाला, तर सात-बाऱ्यावर नवें नांव चढवावेंच लागतें. जुना उतारा दाखवून कोणी आजचा हक्क सांगूं लागला तर तो चालत नाहीं. साबणाच्या बंदीची नोंद ज्या काळीं झाली त्या काळीं ती बरोबर होती. नंतर साबण बदलला, चूल बदलली, धुण्याची जागाहि बदलली. आतां घराघरांतील वडील मंडळींनीं आपण होऊन हा फेरफार मंजूर करावा. सुनांनींहि त्या बदल्यांत वडी व तार बाजूस ठेवावी, आणि तवा कोरडा केल्यावांचून हातावेगळा करूं नये. घरच्या पुरुषमंडळींस माझी विनंति इतकीच, कीं जेवण झाल्यावर एखादे दिवशीं तवा आपण धुवून पाहावा. नियम पाळण्यास किती वेळ लागतो हें त्यानें चांगलें समजेल.